बेटाचा बेत

सहलीचे दोन प्रकार असतात. एक, ज्यात मुक्काम नातेवाइकांकडे असतो; आणि दुसरा, जो आम्ही अजून केलेला नाही. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली. कोल्हापूर पाहिले ते मावशीच्या घरून, नागपूर मामेसासऱ्यांच्या आणि गोवा चुलतभावाच्या. पाहुणी म्हणून गेलेली आमची ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना दिसते, हे तर आता त्या त्या घरांनी गृहीतच धरले आहे. "वहिनी आल्या की कसं घर भरल्यासारखं वाटतं!" असे म्हणून चुलतभावाची बायको खुशाल अंघोळीला जाते.

यंदा थंडी सुरू झाली आणि हिने जाहीर केले, "तीन दिवस कुठेही न्या. फक्त तिथे आपल्या ओळखीचं कुणी नको आणि पोळपाट दृष्टीस पडायला नको. बारा हजार साठवलेत मी."

ओळखीचे कुणी नाही अशी जागा मराठी माणसाला जमिनीवर सापडणे कठीण. म्हणून मी पाण्याकडे वळलो. अंदमानच्या विमानभाड्यातच बारा हजार संपत होते. लक्षद्वीपला आधी परवाना लागतो. परवान्यांसाठी खेटे घालण्यात निम्मे आयुष्य गेलेल्या माणसाला सुट्टीतही तेच करायचे जिवावर येते. घारापुरी स्वस्त आणि मस्त, पण तिथे लोक डबा घेऊन जातात. म्हणजे पुन्हा पोळ्या आल्याच.

उरले दीव. नकाशात मुंबईहून पाहिले तर दीव अगदी समोर, पावणेतीनशे किलोमीटरवर. पण आपण काही मासे नाही. रस्त्याने जायचे तर बडोदा, भावनगर असा खंभातच्या आखाताला वळसा घालून हेच अंतर आठशेच्या घरात जाते. रेल्वे वेरावळपर्यंत, पुढचे नव्वदेक किलोमीटर एस.टी. वेरावळशेजारीच सोमनाथ. ते ऐकताच आईंनी ताबडतोब संमती दिली. देव वाटेत असला की सासूची हरकत उरत नाही.

शेजाऱ्यांनी मात्र 'दीव' ऐकताच डोळा मारला. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही. त्यामुळे दीवला माणूस समुद्र पाहायला जातो यावर कुणी विश्वासच ठेवत नाही. मी १५३५ साली पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्याबद्दल सांगू लागलो. "हो हो, किल्लाच!" म्हणत त्यांनी पाठीवर थाप मारली, आणि येताना 'किल्ल्यातले' काहीतरी घेऊन या म्हणाले. तेवढ्यासाठी मी गुजरातच्या नाक्यावर बॅग उघडून दाखवत बसणार नाही.

या कीर्तीचा एक फायदा झाला. शनिवार-रविवारी तिथे तहानलेल्यांची गर्दी, नाताळात तर विचारूच नका. तेव्हा सोमवार ते गुरुवार जायचे, आणि तेही डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. भाडे उतरते आणि हवाही बरी असते. ९ डिसेंबर १९७१ रोजी याच किनाऱ्यापलीकडे 'खुकरी' युद्धनौका बुडाली. कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. तिथल्या स्मारकापाशी थोडा वेळ उभे राहायचे, हे हिने वहीत पहिल्या ओळीत लिहिले. दुसऱ्या ओळीत गंगेश्वर. तिथल्या पाच पिंडींना समुद्र स्वतःच अभिषेक करतो. दक्षिणेचा प्रश्न नाही. शिवाय फांद्या फुटलेली ताडाची झाडे आणि नागवाचा किनारा. बेट सारे अकरा-बारा किलोमीटर लांब, म्हणजे रिक्षाचेही फार होऊ नयेत.

जाण्यायेण्याचे दोन हजार, जेवणाचे तीन, किरकोळ दीड, अडीअडचणीला एक. खोलीला साडेचार उरले. मी एका लॉजला फोन लावला.

"साहेब, किचनवाली खोली घ्या," मालक गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाला. "गॅस, भांडी, सगळं आहे. भाडं तेच, आणि जेवणाचे पैसे वाचतील."

तीन हजार! माझ्या डोळ्यांपुढे आकडा तरळला. फोन मोठ्याने बोलत होता. ही काहीच म्हणाली नाही, फक्त पेन्सिल खाली ठेवली.

"किचन नको," मी म्हणालो.

"का साहेब? वहिनीला बरं पडेल!"

"वहिनीला स्वयंपाक येत नाही," मी म्हणालो आणि तीन रात्रींची साधी खोली सांगून टाकली.