शि म्हणजे चार

डोंबिवलीत आमच्या शाळेच्या हॉलमध्ये सोमवार, बुधवार, शुक्रवार असा कराटेचा क्लास भरायचा. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात चादरीत गुंडाळून ठेवलेलं गणपतीचं मखर आणि ओळीत उभी राहिलेली पंचवीस-तीस पोरं. सर मोजायचे, "इचि, नि, सान, शि..." आणि आम्ही त्या तालावर हातपाय चालवायचो. मी आठवीत असताना आईनं नाव घातलं. "मुलीच्या जातीला येत असावं काहीतरी," एवढंच तिचं म्हणणं होतं. ते 'काहीतरी' मला चांगलंच आवडलं. विशेषतः काता. म्हणजे ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या दिशांना, एकट्यानं करायच्या हालचाली. पहिला काता हेइआन शोदान, एकवीस हालचालींचा. तो मी किती हजार वेळा केला असेन याची गणतीच नाही.

१९९८च्या पावसाळ्यात मी एकोणीस वर्षांची होते आणि कमरेला ब्राउन बेल्ट होता. रात्री नऊच्या सुमारास स्टेशनचा पूल उतरत होते. गर्दी ओसरली होती. मागून आलेल्या एका माणसानं माझं उजवं मनगट धरलं आणि काहीतरी बोलत मला बाजूला ओढलं. काय बोलला ते आजही आठवत नाही. त्याची पकड आठवते. हात ओला होता. मी काय केलं? काहीच नाही. नुसती उभी राहिले. ओरडलेही नाही. पुलाखाली बसणाऱ्या एका भाजीवाल्या मावशी खालूनच ओरडल्या, "ए, काय रे?" तसा तो हात सोडून निघून गेला. सगळं मिळून पाच-सात सेकंद.

घरी आले, जेवले, झोपले. कुणालाही सांगितलं नाही. पुढच्याच महिन्यात एका स्पर्धेत काता करून मी रौप्यपदक आणलं. आईनं ते शोकेसमध्ये ठेवलं. मी त्या शोकेसकडे बघायचं टाळायचे. वर्षभरात अभ्यासाचं निमित्त करून क्लास सोडला.

पुन्हा कराटेकडे वळले ती चाळिशीत, पुण्यात, पाठदुखीमुळे. तिथे बरोबर सराव करणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, "हेइआन शोदानमधली चौथी हालचाल कशासाठी आहे, माहीत आहे?" मी करून दाखवली. उजवा हात खाली झटकलेला असतो. मग पुढचा पाय मागे घेत तो हात अंगाकडे खेचायचा, डोक्यावरून गोल फिरवायचा आणि बंद मुठीची कड हातोड्यासारखी खाली आणायची. "आता थांब," असं म्हणून त्यानं माझं उजवं मनगट धरलं. "आता कर."

मी केली. मनगट सुटलं आणि माझी मूठ त्याच्या मानेजवळ येऊन थांबली.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि जिन्यात बसून रडले. ज्या प्रसंगासाठी ती हालचाल होती, नेमका तोच प्रसंग माझ्यावर आला होता. हातही तोच. आणि ती हालचाल मला झोपेतही करता आली असती.

मग मी वाचायला लागले. कराटे ओकिनावाचं. १९०१च्या आसपास इतोसु आंको यांनी ते तिथल्या शाळेत नेलं आणि मुलांसाठी 'पिनान' नावाचे पाच काता बसवले. पुढे गिचिन फुनाकोशी १९२२ साली तोक्योला गेले आणि तिकडेच राहून कराटे शिकवू लागले. त्यांनी या पाचांचं नाव हेइआन केलं. शाळेत शेकडो मुलांना एकदम शिकवायचं म्हणजे ओळी, मोजणी आणि कवायत आलीच. गळा दाबणं, सांधा पिळणं असल्या गोष्टी मुलांना समजावून सांगायच्या कशाला, असा विचार त्यामागे असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. हालचाली राहिल्या, त्यांचे अर्थ मागे पडले. पण १९०८ साली याच इतोसुंनी लिहिलेल्या पत्रात दहा सूचना आहेत. त्यांत ते म्हणतात की कराटे एका ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यासाठी नाही, गुंडाशी गाठ पडली तर इजा टाळण्यासाठी आहे; आणि प्रत्येक हालचाल कशासाठी ते समजून घेऊन सराव करा. कात्याची अशी फोड करून बघण्याला जपानीत 'बुंकाई' म्हणतात.

फोड करायला लागल्यावर लहानपणी पाठ केलेलं सगळं वेगळं दिसायला लागलं. ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी खेचायचा, त्याला 'हिकिते' म्हणतात. सर सांगायचे, त्यानं जोर येतो. पण रिकामा हात कमरेशी नेला की तोंड उघडं पडतं. त्याच मुठीत समोरच्याचं मनगट किंवा बाही आहे असं धरा, मग अर्थ लागतो. तो आपल्याकडे ओढला जातो, त्याचा तोल जातो, आणि तो कुठे आहे ते अंधारातही कळतं. 'आगे उके' म्हणजे वरून येणारा वार अडवणं, असं आम्ही शिकलो. त्यात आधी एक हात पुढे जातो आणि मग दुसरा वर येतो. अडवायचं काम पहिल्याच हातानं होऊन जातं. वर येणारं दुसरं मनगट थेट हनुवटीखाली घुसतं. आणि कात्यात आपण सारखे वळतो, ते चारी बाजूंनी शत्रू येतात म्हणून नाही. शितो-र्यूचे संस्थापक केन्वा माबुनी यांनीही या गैरसमजाबद्दल लिहून ठेवलं आहे. शत्रू एकच असतो. वळायचं ते त्याच्या समोरून बाजूला होण्यासाठी.

हे सगळं वाचताना फार आनंद होतो, आणि तिथेच फसायला होतं. कात्यातून काय वाटेल तो अर्थ काढता येतो. आम्ही दोघीतिघी दर रविवारी एकमेकींवर प्रयोग करायचो. समोरचीला सांगून ठेवलेलं असायचं, सोडू नकोस, ओढ, ढकल, दुसऱ्या हातानं केस धर. निम्म्याहून जास्त सुंदर अर्थ पहिल्या दहा मिनिटांत निकालात निघाले. ती चौथी हालचालसुद्धा हात नुसता खेचून जमत नाही. समोरचा ताकदवान असला तर आपणच ओढले जातो. त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं मनगट वळवावं लागतं, आणि हात न खेचता अख्खं अंग मागे न्यावं लागतं. कात्यात पुढचा पाय मागे येतो तो त्यासाठी. वीस वर्षं मला तो पाय शोभेचा वाटत होता.

तेव्हापासून कुठल्याही बुंकाईला मी तीनच प्रश्न विचारते. सुरुवात लोक खरोखर करतात अशा गोष्टीनं होते का, म्हणजे मनगट धरणं, केस ओढणं, भिंतीला दाबणं? समोरचा जास्त ताकदीचा असला तरी चालतं का? आणि शेवटी मला पळायला वाट मिळते का? कायद्यानंही स्वसंरक्षणाचा हक्क गरजेपुरताच दिला आहे. सुटल्यावर मारत बसणं त्यात बसत नाही.

आणि चौथी गोष्ट, जी कात्यात नाहीच. बलात्काराच्या नोंदवलेल्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो, असं एनसीआरबीचे अहवाल सांगतात. ओळखीच्या माणसाच्या मानेवर मूठ आणायला एकवीस हालचाली पुरत नाहीत.

मागच्या वर्षी डोंबिवलीला गेले तेव्हा सरांना भेटले. सत्तरी उलटली आहे, गुडघे गेले आहेत, क्लास मात्र चालू आहे. चहा घेता घेता त्यांना पुलावरची गोष्ट सांगितली आणि चौथी हालचाल करून दाखवली. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं गं. शिबिरात जे दाखवलं ते पाठ केलं." थोड्या वेळानं म्हणाले, "पण तू विचारलं का नाहीस?"

"सर, 'का' विचारलं की वीस पुशअप्स असायचे."

ते हसले. मग म्हणाले, "रविवारी ये. पोरांना दाखव."

रविवारी त्याच हॉलमध्ये सरांनी सगळ्यांसमोर माझं उजवं मनगट धरलं. हळूच धरलं होतं. "घट्ट धरा, सर," मी म्हटलं, तेव्हा त्यांनी खरं धरलं. मी सुटले. मग पोरांच्या जोड्या लावल्या. पहिलं अर्धं तास आम्ही हात लावलाच नाही, नुसतं "सोड!" असं पोटातून ओरडायला शिकवलं. बहुतेक मुलींचा आवाज पहिल्यांदा निघालाच नाही. मुलांचाही नाही.

क्लास सुटल्यावर ऑरेंज बेल्टवाली एक मुलगी रेंगाळली. बारा-तेरा वर्षांची असेल.

"ताई, आणि तेव्हा काहीच सुचलं नाही तर?"

या प्रश्नाचं उत्तर मी कुठल्या पुस्तकात शोधलं नव्हतं. मी तिला पुलाबद्दल सांगितलं. ब्राउन बेल्ट होता, तरी नुसती उभी राहिले हेही सांगितलं.

"अंग असं गोठतं कधीकधी. त्यात तुझी चूक नसते. पण घरी येऊन सांगायचं. त्याच रात्री. मी ते केलं नाही, त्याचा त्रास मला त्या माणसापेक्षा जास्त झाला."

तिनं मान हलवली आणि चपला घालायला गेली. दारात तिची आई उभी होती. दोघी जिना उतरून जाईपर्यंत मी हॉलचे दिवे बंद केले नाहीत.