चौथा क्वार्टर

अमेरिकेतल्या आमच्या गावातल्या विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ मी बारा वर्षं बघतोय. दर हंगामाची गोष्ट तीच. हायस्कूल गाजवून आलेल्या मुली डिसेंबरपर्यंत आशा लावतात आणि फेब्रुवारीत संघ ढासळतो. तीन क्वार्टर बरोबरीत, चौथ्यात सामना हातचा जातो. माझं निदान ठरलेलं होतं: गुण आहेत, जिद्द नाही. हे मी मित्रांत बोललो, घरी जेवताना बोललो. समोर माझ्या दोन मुली बसलेल्या असायच्या.

दोन हिवाळ्यांपूर्वी साडेपाच तासांवरच्या गावी सामना बघायला गाडीने गेलो. चौथ्या क्वार्टरमध्ये हरलो. परतताना रात्री एकच्या सुमारास पेट्रोल भरायला थांबलो, तर शेजारी संघाची बस उभी होती. मुली एकेक करून उतरत होत्या. दोघींच्या गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या. एक सहा फुटी मुलगी दिव्याखाली वही घेऊन उभी होती. सकाळी आठला तिची रसायनशास्त्राची परीक्षा होती. "बसमध्ये झोपून का नाही घेत?" मी विचारलं. "पाय मावत नाहीत," ती म्हणाली आणि पुन्हा वहीत बघू लागली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच मला लागलं.

त्याच महिन्यात त्याच गावी आमचा पुरुषांचा संघ खास विमानाने जाऊन आला होता. मला ते माहीत होतं. विमानाच्या जिन्यावरचा खेळाडूंचा फोटो मी बातमीत पाहिला होता. इतकी वर्षं हे सगळं डोळ्यांसमोर होतं आणि विमान, बस, चौथा क्वार्टर यांचा एकमेकांशी संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही. नळी गाडीला लावून मी तिथेच त्या हंगामातले बाहेरगावचे सामने आठवत राहिलो. किती रात्री अशा गेल्या असतील? मी ज्याला जिद्दीचा अभाव म्हणत होतो, ती थकलेल्या पायांची गोष्ट होती. ते ओळखायला हुशारी लागत नव्हती. बघायची इच्छा लागत होती, आणि ती माझ्यात नव्हती.

मग मी वाचायला लागलो. 2021 मध्ये सॅन अँटोनियोत महिलांच्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत सेडोना प्रिन्स या खेळाडूने महिलांसाठीच्या व्यायामाच्या जागेचा व्हिडिओ टाकला होता: डंबेल्सचा एक छोटासा स्टँड. पुरुषांना सुसज्ज व्यायामशाळा होती. पण मला त्याहून मोठं कारण दिसलं ते पैशाच्या वाटपात. पुरुषांचा संघ त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळला की त्याच्या कॉन्फरन्सला, म्हणजे विद्यापीठांच्या गटाला, त्यापोटी पैसे मिळतात, पुढे जिंकत गेला की आणखी. या स्पर्धा भरवणारी राष्ट्रीय संघटना महिलांची स्पर्धा 1982 पासून भरवते. महिला संघांच्या खेळापोटी असे पैसे देणं सुरू झालं ते 2025 च्या स्पर्धेपासून. इतकी वर्षं मुलींनी जिंकूनही तिजोरीत काही पडत नसेल, तर कोणता कारभारी त्यांच्यासाठी विमान ठरवेल?

पैशाइतकाच लागतो धीर. डॉन स्टेली 2008 मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठात महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणून आल्या. पहिल्या हंगामात 10 विजय, 18 पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला तो चौथ्या हंगामात. विद्यापीठ थांबलं. पुढे 2017, 2022 आणि 2024 अशी तीन विजेतेपदं आली. शेवटच्या वेळी तर एकही सामना न हरता. आमच्याकडे बारा वर्षांत तीन प्रशिक्षक गेले. दर वेळी "बदला" म्हणून ओरडणाऱ्यांत मी होतो.

हे सगळं अमेरिकेचं म्हणून सोडून देता आलं असतं, पण मला नागपूरचं आमचं कॉलेज आठवलं. कोर्ट एकच. मुलींची वेळ सहाची. "शेवटची गेम" म्हणत आम्ही मुलं सातपर्यंत खेळायचो. त्या कडेला बसून राहायच्या, अंधार पडला की घरी जायच्या. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्या पहिल्याच फेरीत हरल्या, तेव्हा यांच्यात दमच नाही असं मी त्यांच्यासमोर म्हणालो.

त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर तो तास तुमचा होता. आम्ही तो घेतला.