वजन जातं कुठं?

मालेगाव म्हटलं की ऐकणाऱ्याचं मन थेट नाशिककडे धावतं. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, मालेगाव जहागीर. अकोल्याहून पातूरचा घाट चढून, मेडशी मागे टाकून आलं की इथे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात. एक हिंगोलीकडे जातो, दुसरा नागपूरहून येऊन संभाजीनगरची वाट धरतो. आगगाडी गावात येत नाही, ती तालुक्यातल्या जऊळक्यावरून जाते. अशा गावातल्या मुलीला दूर जाणारी वाहनं दिवसभर दिसतात. आपण जायचं कसं, हे तिला कोणी सांगत नाही.

शिरपूर जैन याच तालुक्यात आहे. तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथाची काळी मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी जुनी श्रद्धा. दोन पंथांच्या वादात हे मंदिर चार दशकं बंद राहिलं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली उघडलं. त्यामुळे लहानपणी मी ती मूर्ती पाहिली ती आजीच्या सांगण्यातून. तिने तरुणपणी दर्शन घेतलं होतं. “खालून लुगड्याचा पदर आरपार जाते वं माय,” ती सांगायची. मग मूर्तीचं वजन जातं कुठं, हा माझा प्रश्न. “देवाचं वजन देवच पेलते.” आजीचं ते उत्तर मला आवडायचं, पण पुरायचं नाही. पुढे जे काही शिकले, ते याच एका प्रश्नाचा हात धरून.

मृग लागला की तिफन निघायची. तीन फण, वर लाकडी चाडं, चाड्यातून खाली उतरणाऱ्या पोकळ नळ्या. आई चाड्यावर मूठ धरून चालायची. दाणे किती सोडायचे हे तिच्या बोटांना ठाऊक असे. बैलांची चाल आणि जमिनीची ओल यांच्याशी तिची मूठ जुळलेली. फणाचा कोन बिघडला तर बी उघडं पडतं किंवा फार खोल जातं, आणि आमच्याकडचे सुतार तो कोन डोळ्यांनी साधायचे. आता सोयाबीनची पेरणी बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरवर होते. पण मी पाहिलेलं पहिलं अचूक यंत्र ते होतं. ते कोणी घडवलं त्याचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही आणि ते चालवणारी बाई स्वतःला कारागीरसुद्धा म्हणवत नव्हती.

शाळेत मला खरा हात दिला तो एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटने. या शासकीय रेखाकला परीक्षा ज्यांनी दिल्या, त्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती हे शब्द आठवतील, आणि पोस्टर कलरच्या बाटलीचा वासही. महाराष्ट्राने गावोगावच्या मुलांसाठी केलेल्या उत्तम कामांत मी या परीक्षा मोजते. समोर एक तांब्या आणि दोन वांगी ठेवायची आणि सावली कुठून सुरू होते ते बघायचं. नीट बघायला शिकवणारा असा दुसरा तास शाळेत नव्हता. घरी परवानगी मिळाली ती मात्र दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. मिळाली हे महत्त्वाचं.

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालचं. शेलूबाजार, कारंजा करत एसटीने तिथे पोचले, तेव्हा इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पहिल्या शीटवर माझा हात थरथरला नाही. समोरून, वरून, बाजूने असं एकाच वस्तूला तीनदा बघायची सवय कर्तव्य भूमितीने आधीच लावली होती. वसतिगृहाच्या खोलीत भार, प्रतिक्रिया, आघूर्ण यांची गणितं सोडवताना आजी आठवायची. देवाचं सोडा, पुलाचं वजनसुद्धा कुठून तरी वाट काढत जमिनीत पोचावंच लागतं.

शकुंतला भगत यांच्याविषयी मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि याची खंत मला आजही आहे. पूलबांधणीतले नामवंत अभियंता स. बा. जोशी यांची ही मुलगी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियंता झाली. देशातल्या सुरुवातीच्या स्त्री स्थापत्य अभियंत्यांपैकी त्या एक. पुढे आयआयटी मुंबईत त्यांनी शिकवलं आणि १९७० मध्ये पती अनिरुद्ध भगत यांच्यासह क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली. पोलादाचे ठरावीक सुटे भाग कारखान्यात करायचे आणि दरी जशी असेल, रुंदी आणि भार जसा असेल, तसे ते जागेवर जोडायचे, ही त्यांची पद्धत. पैसा लावायला कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी पदरचा घातला. १९७२ साली हिमाचलातल्या स्पितीत पहिला पूल उभा राहिला. पुढे काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत दुर्गम भागांत असे कितीतरी झाले. त्यांच्या घरात पुलांच्या गप्पा जन्मापासून होत्या. आमच्या घरात नव्हत्या. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय लहान गावातल्या मुलीच्या वाटेविषयी खरं काही बोलता येत नाही.

मी डिझाइनकडे वळले. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून औद्योगिक अभिकल्पाचं केंद्र आहे. त्याचा पाया सुधाकर नाडकर्णींनी घातला. अभियंत्यांना सीड ही परीक्षा देऊन तिथे पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. मी तिथे शिकत होते त्या काळात सुट्टीत घरी आले असता आई सायकल डवरा ढकलताना दिसली. जुन्या सायकलचं चाक, मागे तण कापणारी पास, वर लोखंडी दांडा. मी तिला विचारलं, त्रास कुठे होतो? “दांडा तुह्या बाबाच्या मापाचा हाये, अन् ढकला लागते मले.” माझ्या वहीतल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा हे वाक्य नेमकं होतं. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दांड्याला ओळीने भोकं पाडून घेतली, बोल्ट घालून उंची कमीजास्त होईल असं केलं. आईने वावराच्या चार तासांत चालवून पाहिलं आणि म्हणाली, “खांद्याचं कमी झालं. आता मनगटावर येते.”

वजन नाहीसं होत नाही. ते कोणावरून, कसं न्यायचं एवढंच ठरवता येतं. मुठीला जाड रबर आणि थोडा बाक दिला, तेव्हा आई काहीच बोलली नाही, नुसती काम करत राहिली. त्या दिवशी मी डिझायनर झाले, असं मी मानते.

मुलीच्या शिक्षणाचंही असंच आहे. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्ण भरतं. फार चांगलं झालं. पण खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे उरतातच, आणि ‘पोरीला एवढं लांब कशाला’ हे गावाचं बोलणंही. ते अजून आईच पेलते.

म्हणून मालेगावच्या, मेडशीच्या, शिरपूरच्या पालकांना विनंती. मुलगी कागदावर काही काढत बसली असेल तर तिला उठवू नका. पुढे प्रवेशाची वेळ आली की उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यात आपलं घर बसतं का, ते विचारा. पण त्याच्याही आधी तिला एलिमेंटरीला बसवा. त्याचा अर्ज शाळेतूनच भरला जातो.