नऊच्या पाढ्यातली शांतता

कोल्हापुरात लाँग वेव्ह ऐकायला बसलेल्या नव्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, 207 किलोहर्ट्झवर हमखास एखादं ‘परदेशी’ केंद्र सापडतं. भारतात लाँग वेव्हवर प्रसारण होत नाही, त्यामुळे त्याला आनंद होणं स्वाभाविक आहे. नीट कान दिला की ओळख पटते. एकावर एक चढलेले दोन आवाज असतात, एक सांगली आकाशवाणीचा आणि दुसरा मुंबईचा. सांगली 1251 वर, मुंबई 1044 वर, वजाबाकी 207. धारवाडचे 765 आणि मुंबईचेच 558 घेतले तरी उत्तर तेच येतं. हवेत 207 वर काहीच नसतं. दोन जोरदार सिग्नल रिसीव्हरच्या पहिल्या टप्प्यावर एकदम आदळले की त्यांच्या फरकाची तिसरी फ्रिक्वेन्सी तिथेच तयार होते.

हे खोटे सिग्नल वाटेल तिथे उगवत नाहीत. 1975 च्या जिनिव्हा करारानं युरोप, आफ्रिका आणि आशियातली मीडियम वेव्ह केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झवर बसवली आणि 1978 पासून ती रचना लागू झाली. आपलं प्रत्येक केंद्र नऊच्या पाढ्यात आहे, म्हणून त्यांच्या वजाबाक्याही त्याच पाढ्यात पडतात.

आता हॅमच्या वाट्याला काय आलं ते पाहा. जागतिक रेडिओ परिषदेनं 2007 साली 135.7 ते 137.8 आणि 2012 साली 472 ते 479 किलोहर्ट्झ असे दोन चिंचोळे पट्टे दिले. (प्रक्षेपणापूर्वी आपल्या परवान्यातली यादी प्रत्येकानं तपासावी, मी इथे ऐकण्याबद्दलच बोलतो आहे.) पुण्याच्या 792 मधून कोलकात्याचे 657 वजा केले की 135 उरतात. त्या खोट्या सिग्नलचा आवाज दोन्ही बाजूंना साधारण साडेचार किलोहर्ट्झ पसरतो, म्हणजे पहिला पट्टा पुरता झाकला जातो. दुसऱ्या पट्ट्यात 477 हा आकडा आतच बसलाय. पण 468 आणि 477 यांच्या बरोबर मध्ये, 472.5 च्या आसपास, एक बारीक फट उरते. रात्री मी आधी तिथेच ट्यून करतो.

सिग्नल खरा की खोटा, हे ठरवायची कसोटी सोपी आहे. एरियल आणि रिसीव्हरच्या मध्ये 10 डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर घाला. खरा सिग्नल 10 डेसिबलनं उतरेल, वजाबाकीतून आलेला 20 नं. मग उपायही उघड आहे: साधारण 500 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं अडवणारा फिल्टर अगदी पहिल्या टप्प्याआधी बसवायचा. चार-पाच कॉइल आणि कपॅसिटर यांत काम होतं. महागडा रिसीव्हर घेण्याआधी हा फिल्टर करा, असं मी प्रत्येक नव्या हॅमला आग्रहानं सांगतो. जोडीला फेराइट रॉडचं एरियल ठेवावं. रॉडचं टोक सांगलीच्या दिशेला धरलं की सांगली खाली बसते.

एवढं करूनही उरतो तो शेजारचा गोंगाट. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतल्या इंडक्शन भट्ट्या, मोटारींचे ड्राइव्ह, प्रत्येक घरातले चार्जर आणि एलईडीचे अडॅप्टर हे सगळे नेमके याच फ्रिक्वेन्सींवर खरखरतात. वीज गेली की बॅटरीवरच्या रिसीव्हरमध्ये जी सफाई येते, तिच्यावरून हा गोंगाट केवढा आहे ते कळतं. म्हणून दाजीपूरच्या बाजूला, तारांपासून दूर जावं लागतं. उंचीचा इथे फारसा उपयोग नाही. वळवाच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत विजांचे कडाके चालतात, तेव्हा जाऊच नये. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खऱ्या कामाच्या.

इतक्या खटाटोपातून मिळतं काय? रात्री या पट्ट्यांतल्या लहरी सुमारे 90 किलोमीटर उंचीवरून परततात, म्हणजे आपण त्या थराचीच खबर ऐकत असतो. त्याच उंचीवरचे वारे मोजणारं 1.98 मेगाहर्ट्झचं रडार भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं शिवाजी विद्यापीठाच्या आवारात 1999 साली बसवलं. नव्या प्रकारच्या पल्सारच्या शोधासाठी नोबेल मिळालेल्या जो टेलर यांनी, स्वतः हॅम असल्यानं, 2008 साली क्षीण सिग्नल टिपणारी डब्ल्यूएसपीआर ही पद्धत दिली. तीत दोन मिनिटांचा संदेश जेमतेम सहा हर्ट्झ जागेत मावतो आणि कानाला मुळीच न ऐकू येणारा सिग्नलही संगणक वाचतो. त्याला शांत जागा मात्र लागते.

खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी कमी गोंगाटाची जागा निवडता आली. गावातल्या हॅमला तशी निवड नसते. तेव्हा या दिवाळीत एलईडीची माळ घेताना बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर सोबत न्या, मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी लावा आणि दुकानदाराला माळ सुरू करायला सांगा. रेडिओ खरखरला तर ती माळ घेऊ नका.