अब्बांची पावलं आणि अम्मीची टाळी

बँकेतून अब्बांचा चेक परत आला, तेव्हा आम्ही बँकेवरच चिडलो. सही जुळत नाही म्हणे! बत्तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर लिहिलेल्या माणसाची सही कशी जुळणार नाही? घरी येऊन जुने कागद काढले, नवी सही शेजारी ठेवली आणि आम्ही तिघं भावंडं गप्प झालो. अब्बांचं टपोरं अक्षर मुंगीएवढं झालं होतं.

अक्षर बारीक होत जाणं हे पार्किन्सन्सचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. खांदा आखडला म्हणून वर्षभर आम्ही तेल चोळत बसलो. हात थरथरत नव्हता, त्यामुळे कंपवाताची शंकाही आली नाही. प्रत्येक रुग्णाचा हात थरथरतोच असं नाही.

या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात. चालणं, वळणं, खुर्चीतून उठणं ही कामं आपण एरवी विचार न करता करतो. रुग्णाला त्याच कामांसाठी मनाची जुळवाजुळव करावी लागते. अब्बा वुजू करून निघत आणि दाराच्या उंबऱ्याशी थांबत. पाय जणू फरशीला चिकटलेले. मागून आम्ही म्हणायचो, "चला ना अब्बा, जमात उभी राहील!" घाई केली की ते आणखीच अडकत. शर्टाची बटणं आम्ही लावू लागलो, चहाचा कप आम्ही धरू लागलो. हे प्रेमच होतं, पण त्यातून आम्ही त्यांचं एकेक काम काढून घेत होतो. हळूहळू अब्बांनी मशिदीत जाणं सोडलं, मग लग्नकार्यात जाणंही सोडलं. चेहऱ्यावरचे भाव गोठल्यासारखे झाले होते. लोकांना वाटे, मास्तर रागावलेत.

मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जाताजाता म्हणाले, "पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचा वर्ग असतो, तिथे पाठवून बघा." घरी आल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी फुफीजानच म्हणाल्या, "हज करून आलेला माझा भाऊ या वयात नाचणार? लोक काय म्हणतील?" खरं सांगायचं तर तोच प्रश्न आमच्याही मनात होता. अब्बा सावकाश, खालच्या आवाजात बोलले, "आपा, मी नाचायला नाही, चालायला शिकायला जातोय."

पहिल्या दिवशी आम्ही दोघं त्यांना घेऊन गेलो. मनात जे चित्र होतं, तसं तिथे काहीच नव्हतं. पंधरावीस वयस्कर माणसं गोल करून खुर्च्यांवर बसली होती. मागे आमच्यासारखे घरचे लोक. शिक्षिकेने आधी बसूनच हात वर न्यायला, बोटं उघडायला, मान वळवायला सांगितलं. मग खुर्चीची पाठ धरून उभं राहणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, एक पाऊल बाजूला, एक मागे. तबल्याचा ठेका आणि तोंडाने मोजणी. ज्याला उभं राहणं जमत नव्हतं, तो बसूनच सगळं करत होता. अब्बांच्या शेजारच्या आजोबांचं पाऊल चुकलं. ते हसले आणि अब्बाही हसले. कित्येक महिन्यांनी आम्ही तो चेहरा हलताना पाहिला.

ठेक्याने पाऊल का उचललं जातं, तेही आम्ही समजून घेतलं. हालचाल आपोआप सुरू करणारी मेंदूतली वाट या आजारात कमकुवत होते. बाहेरून ऐकू येणारा ताल किंवा जमिनीवर दिसणारी रेघ पाऊल उचलायला दुसरी वाट देते. शिवाय नृत्यात तोल सांभाळणं, वळणं, मागे सरकणं, पुढचं पाऊल लक्षात ठेवणं हे सगळं एकत्र येतं, आणि ते चार माणसांच्या सोबतीने होतं.

हे प्रयोग जगात बऱ्याच ठिकाणी झाले आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने 2001 मध्ये असे वर्ग सुरू केले. आपल्या पुण्यातही नर्तक हृषीकेश पवार यांनी या रुग्णांसाठी वर्ग घेतले आहेत. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी दर आठवड्याला नृत्य करणाऱ्या 16 रुग्णांकडे तीन वर्षं लक्ष ठेवलं. नृत्य न करणाऱ्या रुग्णांच्या मानाने त्यांचा आजार कमी वेगाने वाढल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. अभ्यास लहान आहे, पण उमेद देणारा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. नृत्याने पार्किन्सन्स बरा होत नाही. गोळ्या वेळेवर घ्याव्याच लागतात. मागच्या रमजानमध्ये अब्बांनी आम्हाला न सांगता डोस पुढे ढकलले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना पलंगावरून उठता येईना. आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे, हे त्यांना समजावताना आम्हा सगळ्यांचेच डोळे भरून आले. वर्गात जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं, गोळीचा असर चांगला असेल ती वेळ निवडावी, पायात घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल किंवा बूट असावेत आणि जवळ एक माणूस असावा.

1996 साली अटलांटात मुहम्मद अली यांनी थरथरत्या हाताने ऑलिम्पिकची ज्योत पेटवली, ते आम्ही लहानपणी अब्बांच्याच शेजारी बसून टीव्हीवर पाहिलं होतं. तेव्हा अब्बा म्हणाले होते, "बघा, हात थरथरतोय, पण लपवला नाही त्यांनी." ते वाक्य आता आम्ही त्यांनाच ऐकवतो.

अब्बांचा आजार आहे तिथेच आहे, काही दिवस तर फारच वाईट जातात. पण उंबऱ्याअलीकडे आम्ही पिवळ्या चिकटपट्टीच्या तीन रेघा मारल्या आहेत. अब्बा अडकले की आम्ही ओढत नाही. अम्मी स्वयंपाकघरातून टाळी वाजवते, "एक, दोन, एक, दोन." अब्बा रेघ ओलांडतात. जुम्म्याला ते पुन्हा मशिदीत जाऊ लागले आहेत. नमाज खुर्चीवर बसून पढतात, पण दारापर्यंत जातात ते स्वतःच्या पायांनी.

परवा फुफीजान आल्या होत्या. अब्बा दारात थांबले. आम्ही कुणी उठायच्या आत टाळी फुफीजाननेच वाजवली.