पंखा नसलेलं यंत्र

प्रोसेसर पळवायचा नाद लागलेली माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती गिगाहर्ट्‌झवर चालवतोस?’ मला तो अर्धवट वाटतो. किती व्होल्टवर आणि किती वेळ, हे कळल्याशिवाय त्या आकड्यात दम नाही.

२०१२ चा नेक्सस ४ फोन घ्या. स्नॅपड्रॅगन एस४ प्रो, चार कोर, मूळ मर्यादा १.५ गिगाहर्ट्‌झ. बूटलोडर उघडला, रूट केलं, नवं कर्नल फ्लॅश केलं की वरच्या पायऱ्या खुल्या होतात. समजा, १.८ निवडली. वेग वीस टक्क्यांनी वाढला. पण जुन्या व्होल्टेजवर चिप एवढ्या वेगाला सहसा टिकत नाही. फोन गोठतो, नाहीतर आपणहून रीस्टार्ट होतो. मग व्होल्टेज, समजा, दहा टक्के चढवलं. ग्यानबाची मेख इथेच आहे. विजेचा खप वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.२ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे १.४५. वीस टक्के वेगापायी पंचेचाळीस टक्के जादा उष्णता! शिवाय सिलिकॉन तापलं की त्यातून गळणारा प्रवाहही वाढतो, आणि तो त्याला आणखी तापवतो.

डेस्कटॉपमध्ये ही उष्णता पंखा बाहेर फेकतो. फोनमध्ये ती जाणार कुठे? प्रोसेसरच्या डोक्यावर रॅम, शेजारी बॅटरी, पाठीला काच. चिप ऐंशी अंश सोसते. बॅटरीला तेवढं झेपत नाही. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची कमाल मर्यादा ४५ अंश, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरची हवाच तिथवर चढते. तशात ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे असा वेग चढवलेला, फोन चार्जिंगला लावून कुणी गेम खेळत बसला, तर बॅटरी फुगल्याची तक्रार त्याने माझ्याकडे आणू नये.

फोन अर्थात स्वतःला वाचवतो. तापमान वाढलं की थ्रॉटलिंग सुरू होतं आणि मोठ्या हौसेने मिळवलेला १.८ काही मिनिटांत मूळ १.५ च्याही खाली येतो. यावर काही बहाद्दर थ्रॉटलिंगच बंद करतात. याला मी कारागिरी म्हणत नाही. फ्रीजमध्ये फोन ठेवून बेंचमार्क काढणारेही आहेत. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, ते त्या आकड्यात दिसत नाही.

मला गोडी आहे ती उलट्या वाटेची. एकाच कारखान्यातल्या दोन चिपा सारख्या नसतात, म्हणून कंपनी व्होल्टेज थोडं हात राखून, जास्तच ठेवते. ते एकेक पायरी उतरवायचं, प्रत्येक पायरीवर फोनला कामाला जुंपायचं, कुठे अडखळतो ते पाहायचं. कमी व्होल्टेजवरचा १.५ लवकर तापत नाही, म्हणून भरधाव १.८ पेक्षा जास्त वेळ टिकतो. दोन-तीन दिवस नेहमीचा वापर निर्वेध झाल्याशिवाय मात्र ‘सेट ऑन बूट’वर, म्हणजे फोन सुरू होताच हे व्होल्टेज आपोआप लागू करणाऱ्या पर्यायावर, टिचकी मारायची नाही. कारण एक पायरी जास्त उतरली असेल, तर फोन सुरू होताहोताच पुन्हा कोसळतो.