भडगाव ते जळगाव, ग्रॅमाग्रॅमाने

भडगावहून पाचोरामार्गे जळगाव. गिरणाकाठची केळी, पुढे कपाशी. एसटीची ही वाट आम्ही रोज केली, आपाची जुळी बाळे पाहायला. बत्तिसाव्या आठवड्यातच जन्मलेली. मुलगा १४०० ग्रॅम, मुलगी १२५०. पहिल्या दिवसांत वजने घटली नि घर हवालदिल झाले. सिस्टर म्हणाल्या, “अशा बाळांचे सुरुवातीला उतरतेच.” मग नळीवाटे आईचे दूध हळूहळू वाढवले.

कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली काचपेट्या अपुऱ्या पडत, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. तीच ‘कांगारू’ पद्धत इथेही. पण बाळे दोन! दुल्हाभाई आधी संकोचले, मग मुलीला छातीशी घेऊन तासन्‌तास बसले. अठराव्या दिवशी ती १३०० ग्रॅम भरली, अल्हम्दुलिल्लाह! बापाची ऊबही बाळाला तितकीच चालते, हे घरोघरी कळायला हवे.